वाळुंज आणि तालीस : द्रव्यगुणाच्या टेबलावरचा एक दिवस

सकाळी सहा

कॉलेजच्या औषधी बागेत या वेळी माळीमामा आणि मी, दोघंच असतो. जानेवारीचा पहिला आठवडा. तिकडे होम मैदानावर गड्ड्याचे पाळणे उभे राहू लागलेत, आणि सोलापूरला जी काही थंडी पडायची ती याच दिवसांत पडते. नऊ वाजता तिचा मागमूस राहत नाही. म्हणून फांदी आत्ताच काढायची, पानं ताठ आहेत तोवर.

पाण्याच्या टाकीमागे, जिथं टाकी भरून वाहिली की ओल साचते, तिथं आमचं वाळुंज आहे. सॅलिक्स टेट्रास्पर्मा. इंग्रजीत ज्याला विलो म्हणतात त्या घराण्यातलं, विल्यम रॉक्सबर्गनं शास्त्रीय नाव दिलेलं, भारतातल्या नदीकाठांचं झाड. साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या गावात ते आपणहून येईल अशी आशा नको. पुण्याकडे मुठेच्या काठावरून अंगठ्याएवढी जाड फांदी आणून मामांनी ती ओल्या मातीत खोचली होती. वाळुंजाला तेवढं पुरतं. फांदी जमिनीत गेली आणि पाणी मिळालं की मुळं फुटतात, कलमाचे सोपस्कार लागत नाहीत. आज झाड टाकीच्या वर गेलंय.

"मॅडम, तुरे आलेत बगा," मामा म्हणाले.

खरंच आलेत. पिवळसर, बोटभर लांबीचे, खाली झुकलेले. जवळ नाक नेलं की गोडसर वास येतो, आणि मधमाश्या माझ्याआधीच पोचलेल्या असतात. हे तुरे फक्त नरफुलांचे. वाळुंजात नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. आमचं झाड ज्या फांदीचं झालं ती नराची होती, त्यामुळे ते कितीही वाढलं तरी त्याला बोंड धरणार नाही. मुलांना बोंड दाखवता येत नाही याची रुखरुख मला दर वर्षी या दिवसांत लागते. मादी झाडाचं बोंड पिकलं की दोन फाकांत उलगडतं आणि आतून रेशमासारखे केस लागलेल्या बारीक बिया वाऱ्यावर निघतात. त्या बियांजवळ शिदोरी नसते. काही दिवसांच्या आत ओला गाळ सापडला तर उगवायचं, नाही तर संपलं. नदीचा पूर ओसरताना काठावर जो ताजा गाळ राहतो, त्याच्यावर या झाडाचं सगळं गणित बसलेलं आहे. धरणांनी पूर अडवले, वाळूउपशानं काठ खरवडले, तर वाळुंज नव्यानं उगवणार कुठं? जुनी झाडं उभी दिसतात म्हणून आपण निर्धास्त असतो. त्यांच्या पायाशी रोपं आहेत का, हे कुणी वाकून पाहत नाही.

मामांनी विळ्यानं फांद्या काढल्या. पान भाल्याच्या पात्यासारखं, वरून हिरवं, खालून चुन्याचा हात फिरवल्यासारखं पांढुरकं, कडेला बारीक दाते. फांदीवरची कळी मी मुद्दाम निरखते. बहुतेक झाडांच्या कळ्यांवर खवल्यांवर खवले असतात. वाळुंजाच्या कळीला एकच खवला, टोपीसारखा चढवलेला. पान नसलं, फूल नसलं, तरी या एका टोपीवरून घराणं कळतं. ओल्या फडक्यात फांद्या गुंडाळल्या, आणि सालीचा एक तुकडा वेगळा ठेवला.

साडेनऊ

ओपीडी. द्रव्यगुण शिकवणाऱ्यानं रुग्ण तपासले पाहिजेत, नाही तर झाडं फक्त झाडंच राहतात, असं माझं ठाम मत आहे.

थंडीत सोलापूरचा खोकला ऐकू यायला लागतो. यंत्रमागावर काम करणारा माणूस येतो, त्याच्या छातीत सुताची धूळ असते. विड्या वळणाऱ्या बायका येतात, त्यांच्या श्वासात तंबाखूची. आज पहिल्याच आल्या त्या विडी घरकुलातून. घरी तेलुगू, दुकानात मराठी, शेजारी कन्नड अशा तीन भाषांत वावरणाऱ्या. मांडीवर सूप घेऊन दिवसभर वाकून बसल्यामुळे कंबर आणि मान दुखते, आणि रात्री कोरडा खोकला झोपू देत नाही.

"अक्का, दोन्हींतलं जास्त काय सतावतं?"

"दिवसा कंबर, राती खोकला."

माझ्या टेबलावरच्या दोन झाडांचं काम त्यांनी एका वाक्यात वाटून दिलं. चरकसंहितेत दहा-दहा द्रव्यांचे जे पन्नास गट आहेत, त्यांतला एक वेदनास्थापन, म्हणजे वेदना शमवणाऱ्यांचा. शाल, कायफळ, कदंब, शिरीष, अशोक यांच्या पंगतीत तिथं वंजुल बसलेला आहे, आणि वंजुल म्हणजे वेतस, म्हणजे वाळुंजाचं कुळ, असं पुष्कळ टीकाकारांनी धरलंय. खोकल्याचं तालीसादि चूर्ण तर घराघरांत माहीत आहे. त्याची वाटणी मुलांकडून मी पाढ्यासारखी म्हणून घेते : तालीसपत्र एक भाग, मिरे दोन, सुंठ तीन, पिंपळी चार, वंशलोचन पाच, वेलची आणि दालचिनी अर्धा-अर्धा, आणि साखर बत्तीस. ज्याच्या नावानं चूर्ण ओळखलं जातं त्या तालीसाचा वाटा एवढा थोडा! पण तेवढा एक भाग खोटा निघाला तर बाकीचं सगळं खरं असून काय उपयोग?

अक्कांना चूर्ण मधातून सांगितलं. छातीचा एक्स-रे काढायला पाठवलं, कारण विडी कामगाराचा जुना खोकला नुसता चूर्णावर सोडून देणं मला मान्य नाही. कंबरेसाठी शेक, तेल आणि बसण्याची पद्धत. वाळुंजाची साल मात्र दिली नाही. हृदयासाठी रोज अ‍ॅस्पिरिन चालू आहे, असं त्यांच्या कागदांत होतं. सालीतलं द्रव्य त्याच जातीचं. दोन्ही एकावर एक नकोत.

अकरा

प्रॅक्टिकल. प्रत्येक टेबलावर दोन ट्रे. एकात सकाळची वाळुंजाची फांदी, साल आणि तुरे. दुसऱ्यात सुकलेलं तालीसपत्र, काड्यांसकट, आणि हर्बेरियमचा एक कागद. त्यावर हिमालयातल्या फर झाडाची फांदी शिवलेली आहे. एबीज स्पेक्टॅबिलिस. जुन्या ग्रंथांत आणि आयुर्वेदिक फार्माकोपियात त्याचं नाव एबीज वेबियाना असं आहे.

ही दोन द्रव्यं अभ्यासक्रमात एकत्र येत नाहीत. मी ती मुद्दाम शेजारी ठेवते. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास, आणि तालीस उगवतो अठ्ठावीसशे ते चार हजार मीटरवर, जिथं हिवाळ्यात बर्फ असतं. आमच्या वर्गातल्या बहुतेकांनी बर्फ फक्त गोळ्याच्या गाडीवर पाहिलेलं. तरीही तालीसपत्र हे नाव प्रत्येकाला पाठ आहे, आणि वाळुंज, जे आपल्याच सह्याद्रीतल्या नद्यांच्या काठी वाढतं, ते या वर्गापैकी एकाही मुलानं नावानिशी ओळखलं नव्हतं. मला हे फार लागतं. दूरचं द्रव्य पुडीत बांधून मिळतं, म्हणून ते ओळखीचं. जवळचं झाड पुडीत येत नाही, म्हणून ते परकं.

"मॅडम, तालीस म्हणजे आपल्या सुरूसारखंच ना?" एका मुलीनं विचारलं. हा प्रश्न मला हवाच होता. सुरूची एक काडी मी खिशात घेऊनच आले होते.

"ओढून बघ."

तिनं ओढली. काडी सांध्यासांध्यावर सुटली. सुरूची ती हिरवी सुई म्हणजे पान नव्हेच, ती बारीक डहाळी. पानं त्या सांध्यांवर दातांएवढी उरलेली. सुरू फुलं येणारं, बंद फळात बी धरणारं झाड. त्याचं नातं वाळुंजाशी जवळचं, तालीसाशी लांबचं. तालीसाची सुई मात्र खरं पान. ते झाड फुलं येणाऱ्या झाडांच्याही आधीच्या काळातलं. त्याचं बी फळात झाकलेलं नसतं, शंकूच्या खवल्यावर उघडं असतं. दख्खनच्या पठारावर असा शंकू धरणारं एकही झाड मूळचं नाही. सबंध दक्षिण भारतात मूळचा शंकुधारी वृक्ष एकच, नागेया, आणि तोही पार दक्षिणेच्या घाटांतल्या जंगलात. म्हणून सोलापूरच्या मुलानं तालीस समजून सुरू दाखवला तर त्यात नवल नाही. पण वैद्य होऊन तो तसाच राहिला तर मात्र चालणार नाही.

मग छेद. वाळुंजाचं पान गाजराच्या फोडीत धरून ब्लेडनं कापलं की पातळ छेद सहज निघतो. तालीसाचं वाळलेलं पान रात्री पाण्यात भिजत टाकावं लागतं, आणि तरी ते ब्लेडला विरोध करतं. वरची त्वचा जाड, तिच्याखाली आणखी एक चिवट थर. मुलांची तक्रार सुरू झाली की मी म्हणते, थांबा, हा चिवटपणा हाताला लागतोय तोच धडा आहे. बर्फाखाली चार-पाच महिने काढायचे, गोठलेल्या जमिनीतून पाणी मिळत नाही, आणि पान टाकायचंही नाही. एक पान कित्येक वर्षं झाडावर राहतं. इतका टिकाऊपणा ब्लेडला जाणवणारच. वाळुंज उलट वागतो. पाणी पायाशी असतं, म्हणून पानं मऊ आणि पातळ ठेवायची, वेळ आली की टाकून द्यायची, नवी काढायची.

सूक्ष्मदर्शकाखाली तालीसाच्या छेदात दोन गोल पोकळ्या दिसतात, खालच्या बाजूला, दोन्ही कडांशी एकेक. राळेच्या नळ्या. त्या दोन नळ्या म्हणजे तालीसाची सही. पानाच्या पाठीवर मध्यशिरेच्या दोन्ही अंगांना पांढरे पट्टे, टोकाशी बारीकशी खाच, आणि छेदात या दोन नळ्या. या तीन खुणा सापडल्या की हो म्हणायचं. एकही कमी पडली तर थांबायचं.

वाळुंजाकडे वळलो. सालीच्या छेदावर संहत सल्फ्युरिक आम्लाचा एक थेंब टाकला. हे मी मुलांना करू देत नाही, हातमोजे घालून स्वतः करते. थेंब पडला त्या जागी लाल रंग चढत गेला. वर्गात एकदम गप्प झाले सगळे. तो लाल रंग सॅलिसिनचा. इंग्लंडमधले एक पाद्री, एडवर्ड स्टोन, यांनी 1763 मध्ये रॉयल सोसायटीला पत्र लिहून विलोच्या सालीची पूड हिवतापावर देऊन पाहिल्याचं कळवलं. त्यांचा तर्क असा की ओलसर जागी ताप येतो, तर त्यावरचा उपायही ओलसर जागीच उगवत असणार. तर्क आज टिकत नाही, पण साल खरी निघाली. 1828 मध्ये म्युनिकला योहान बुखनरनं सालीतून सॅलिसिन वेगळं केलं, 1838 मध्ये राफाएले पिरियानं त्यापासून सॅलिसिलिक आम्ल केलं, 1897 मध्ये बायर कंपनीत फेलिक्स हॉफमननं त्याचं पोटाला जरा सोसेल असं रूप शुद्ध स्वरूपात तयार केलं, आणि 1899 पासून जग त्याला अ‍ॅस्पिरिन म्हणू लागलं. सकाळच्या अक्कांच्या डब्यातली ती छोटी गोळी त्या वाटेनं इथवर आली आहे.

"मग चरकांना हे माहीत होतं?" एका मुलानं विचारलं.

सॅलिसिन माहीत नव्हतं. वेदना कमी होते हे माहीत होतं. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी मोठ्या आहेत, आणि एकीचा मोठेपणा दाखवायला दुसरीला ओढून आणायची गरज नाही, असं मी त्याला सांगितलं. आणि एक जोडलं : आपल्याकडे पाच सालींचा जो पंचवल्कल आहे, वड, उंबर, पिंपळ, पायर आणि पारोसा पिंपळ, त्यात पारोशाच्या जागी काहीजण वेतस घेतात, अशी नोंद भावप्रकाशात आहे. म्हणजे वाळुंजाची साल जखमा धुण्याच्या काढ्यातही जाऊन बसली होती. सालीतलं टॅनिन पाहायचं असेल तर फेरिक क्लोराइड टाका, काळपट रंग येतो. तेवढा प्रयोग मुलांनी हौसेनं केला.

एक

डबा. कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही. खोलीतच, जर्नल तपासत.

सव्वादोन

मंगळवार पेठेत काष्ठौषधीच्या दुकानात. आमच्या रसशाळेला या महिन्यात तालीसादि करायचं आहे आणि माल घेण्यापूर्वी नमुना मीच आणते. हे काम दुसऱ्यावर सोपवू नये असं मला वाटतं. दुकानात पाऊल टाकलं की हिरडा, वावडिंग, नागरमोथा, वेखंड, सगळे वास एकमेकांत मिसळलेले. भिंतीभर लाकडी खण, त्यांवर मराठी, कन्नड आणि मोडक्या हिंदीत चिठ्ठ्या. शेठजींचे वडील आणि आजोबा याच गादीवर बसलेले. गिऱ्हाईक नुसतं "बाळंतिणीचं" म्हणालं तरी यांचे हात बरोबर सात-आठ खणांकडे जातात. ही विद्या कुठल्याही कॉलेजात शिकवली जात नाही, आणि ती मी मनापासून मानते.

"तालीसपत्र नवीन आलंय, मॅडम. दिल्लीवरून, खारी बावलीतून."

"त्याच्या आधी कुठून?"

"ते वरचं, डोंगरातलं. आम्हाला काय, पोतं येतं."

हीच खरी अडचण. झाडापासून पोत्यापर्यंत किती हात लागले, ते कुणालाच सांगता येत नाही. डोंगरातला गोळा करणारा, त्याच्याकडून घेणारा, मंडीतला आडत्या, इथला दुकानदार. आणि तालीस या नावाखाली सगळीकडे एकच वस्तू मिळते असंही नाही. उत्तरेत काही ठिकाणी एका जातीच्या ऱ्होडोडेंड्रॉनची पानं या नावानं विकली जातात. दक्षिणेत जग्गम या झाडाची. आणि बंगालकडे, उत्तरेच्या काही बाजारांतही, थुनेरची, म्हणजे हिमालयातल्या टॅक्ससची. यातली शेवटची गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही. टॅक्ससच्या बियांभोवतीचा लाल गर सोडला तर सगळं झाड विषारी. त्यातलं टॅक्सीन हृदयाची गती बिघडवतं. याच टॅक्सस कुळातून कॅन्सरवरचं पॅक्लिटॅक्सेल मिळालं, त्याची रचना 1971 मध्ये मनरो वॉल आणि मनसुख वाणी यांनी मांडली, आणि पुढे त्या मागणीपायी हिमालयातला थुनेर इतका ओरबाडला गेला की 1995 पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्सचं नियंत्रण आहे. औषध म्हणून एवढं मोठं असलेलं झाड चमचाभर चूर्णात, खोकल्यावर, चुकून जाता कामा नये.

"शेठजी, वाळुंजाची साल आहे?"

त्यांनी मुलाकडे पाहिलं, मुलानं मान हलवली. "मागतंय कोण?"

मी पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून अशी तीन मुठी पानं वेगवेगळ्या कागदांत बांधून घेतली. वरचा माल नेहमी देखणा असतो.

चार

प्रयोगशाळा रिकामी. तिन्ही पुड्या पांढऱ्या कागदावर पसरल्या. हे काम संथ आहे आणि मला आवडतं. चिमट्यानं एकेक पान उलटं करायचं, भिंगाखाली पाठ पाहायची, आणि दोन ढीग करायचे. वरची पुडी स्वच्छ निघाली. मधलीत काड्या फार होत्या, पानं मात्र खरी. काड्यांवर पान गळाल्याची गोल, सपाट खूण होती, तीही फरचीच. आणि काडी मोडली तर अजून तो वास येतो, राळेचा, जरा लिंबासारखा, सुकून कित्येक महिने झाल्यावरही.

तिसऱ्या, तळातल्या पुडीत काही पानं वेगळी वाटली. रंगानं जवळपास तशीच, लांबीला जरा कमी. टोकाला खाच नाही, उलट बोचेल असं अणकुचीदार टोक. पाठीवर पांढरा पट्टा नाही, नुसता फिकट पिवळसर हिरवा. मी ती वेगळी काढली, गरम पाण्यात घातली, आणि मऊ होईस्तोवर वाळुंजाच्या जर्नलमधल्या आकृत्या दुरुस्त करत बसले. मग छेद घेतला. शिरेचा एकच जुडगा, आणि राळेची नळी कुठंच नाही. दुसऱ्या पानाचा घेतला, तिसऱ्याचा घेतला. नळी नाही. थुनेरच.

प्रमाण थोडं होतं. पोत्यात एखादी जुनी पिशवी रिकामी केली असेल, किंवा डोंगरातच दोन्ही झाडं शेजारी असतील आणि तोडणाऱ्या हातानं फरक केला नसेल. दोन्ही सदाहरित, दोन्ही सुईसारख्या पानांची, दोन्ही एकाच उंचीवर भेटणारी. तोडणारा माणूस मजुरीसाठी बर्फात उभा असतो. त्याला दोष देऊन माझं काम होत नाही. माझं काम हे की इथून पुढे ते पान जाऊ द्यायचं नाही.

नोंदवहीत लिहिलं, नमुना नामंजूर, कारणासकट. छेदांच्या काचपट्ट्यांवर चिठ्ठ्या लावल्या. पुढच्या तुकडीला याच पट्ट्या दाखवता येतील. पुस्तकातल्या चित्रात टॅक्सस आणि एबीज वेगवेगळ्या पानांवर छापलेले असतात. एकाच पुडीत ते सापडलेले पाहणं वेगळं.

साडेपाच

सकाळचा तो प्रश्न विचारणारा मुलगा दारात. भोरकडचा, वसतिगृहात राहतो. हातात फोन.

"मॅडम, दुपारी फोटो आज्ज्याला पाठवला होता. पानाचा आणि तुऱ्याचा. आज्जा म्हणतोय, हे तर आपल्या नदीच्या कडंला आहे. वाळुंज म्हणतो तो पण."

नीरेचा वरचा काठ. तिथलंच पाणी पुढे नरसिंगपूरला भीमेला मिळतं, पंढरपुरावरून वाहतं आणि आमच्या जिल्ह्याच्या दक्षिण कडेनं जातं. मी त्याला म्हटलं, आज्जोबांशी मला बोलू दे.

आवाज मोठा होता, ऐकायला कमी येत असावं. "हाये की! पयल्यांदा लई होती. आता तीन-चार ऱ्हायल्यात. त्याच्या फोकांच्या पाट्या विणायचो आमी. आन् ताप आला की म्हातारी साल उकळून द्यायची, कडू जहर!"

"आजोबा, त्याला कापूस सुटतो का कधी? बोंडातून?"

"सुटतो तर. सगळ्या झाडांस्नी न्हाय. त्या वळणावरच्याला सुटतो."

वळणावरचं झाड मादी आहे! मी खुर्चीवरून उठूनच उभी राहिले. त्यांना सांगितलं, कापूस सुटू लागला की नातवाला कळवा. बी मिळालं तर लगेच ओल्या गाळावर पेरावं लागेल, कारण ते थांबत नाही. आणि त्या झाडाची फांदीही हवी, म्हणजे आमच्या बागेत नराशेजारी मादी लावता येईल. आजोबांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, फांदी आनायला पोराला कशाला, मीच तोडून एस्टीत घालतो, वल्लं पोतं गुंडाळून. मग नातवाला तिकडून काहीतरी दटावल्याचा आवाज आला. जेवतोस का नीट, असं असावं.

मुलाला वहीत लिहायला लावलं : गावातलं नाव, नदी, काठाची कुठली बाजू, झाडं किती, रोपं दिसतात का, कापूस कुठल्या महिन्यात सुटतो, फोकांचा आणि सालीचा वापर, सांगणाऱ्याचं वय. त्यानं पुन्हा फोन लावून एकेक विचारलं. रोपं दिसत नाहीत, असं उत्तर आलं. मी तिथं लाल रेघ ओढली.

त्याला म्हटलं, तू दुसऱ्या वर्षाचा प्रकल्प अजून दिलेला नाहीस ना? हाच दे.

सात

शेठजींना फोन. अशा गोष्टी चिठ्ठीवर कळवू नयेत, असं मला वाटतं.

"तळातल्या मालात दुसरं पान आहे, शेठजी. विषारी आहे. पोतं बाजूला ठेवा, कुणाला देऊ नका."

बराच वेळ पलीकडून दुकानातलेच आवाज येत राहिले, वजनाचा काटा, कुणीतरी शतावरी मागत होतं. मग ते म्हणाले, "सकाळपासनं दोन ठिकाणी पाव-पाव किलो गेलंय. मुलाला आत्ता पाठवतो, परत आणतो. पोतं दिल्लीला परत घालतो. पैशाचं बघू." पैशाचं बघू हे शब्द सहज आले नव्हते. लग्नसराई आणि गड्ड्याच्या तोंडावर त्यांचे पैसे अडकणार आहेत, हे मला माहीत होतं.

"पण मॅडम, पुढच्या वेळी मी कसं ओळखू? आमच्याकडे मशीन नाही."

मशीन लागत नाही. मी सांगितलं : पान उलटं करायचं, पाठीवर दोन पांढरे पट्टे हवेत. टोक बोटाला बोचलं तर घ्यायचं नाही. आणि पोतं आलं की आधी तळातली मूठ काढायची. ते तिकडे कागदावर लिहून घेत होते. पट्टे किती, हे त्यांनी दोनदा विचारलं.

"दुकानातली पोरं हे ऐकून विसरतील," ते म्हणाले. "तुमची मुलं इकडं येऊन दाखवतील का? गुरुवारी दुपारी गर्दी कमी असते."

गुरुवारी तीन वाजता जायचं ठरलं. भोरचा मुलगा, सुरू ओढून पाहणारी ती मुलगी, दोन भिंगं, आणि आजच्या दोन्ही पानांच्या वेगवेगळ्या चिकटवलेल्या पट्ट्या. शेठजींनी फोन ठेवता ठेवता आणखी एक विचारलं : वाळुंजाची साल कुणी आणून दिली तर एक खण रिकामा करून ठेवू का? मी सांगितलं, एवढ्यात नको. नीरेकाठी तीन-चारच झाडं उरलीत. आधी ती वाढू देत.